मशीन बंद होतं, मग पोराला शॉक कसा बसला?

पत्र

ताई, नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. तीन लेथ, एक मिलिंग, एक पॉवर हॅकसॉ आणि मागच्या वर्षी घेतलेलं एक जुनं जपानी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. मशिनांची सगळी देखभाल वडिलांच्या वेळचे तात्या मिस्त्री करतात. गेल्या महिन्यात एका लेथचा स्टार्टर गुरगुरायला लागला. तात्यांनी स्टॉप दाबलं, झाकण काढलं आणि आमच्या हेल्परला आतले स्क्रू आवळायला सांगितलं. मशीन बंद होतं, तरी पोराला जोराचा शॉक बसला. मागच्या टेबलावर आपटला, कोपराला टाके पडले. तात्या म्हणतात, हात ओला होता. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच लेथला हात लावला की झिणझिण्याही येतात. वायरमन म्हणतो, न्यूट्रल आणि अर्थ एक करून देतो, लगेच थांबेल. करू का? खंडेनवमीला सगळी मशिनं उघडून साफ करायची आमची पद्धत आहे. दर वेळी मेन पाडला तर अख्खं शॉप थांबतं, असं तात्यांचं म्हणणं. त्यांना मी काय सांगायचं? मला कानस धरायला त्यांनीच शिकवलं.

उत्तर

आधी त्या पोराचं विचारते. कोपराला टाके घातले, पण हृदयाचा आलेख काढला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. महिना उलटला असला तरी त्याला मधेच धडधडतं का, हाताला मुंग्या येतात का, पकड सैल वाटते का, हे एकदा जवळ बसवून विचारा. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि ‘टेबलावर पडला’ असं न सांगता ‘थ्री फेजचा शॉक बसला’ असं स्पष्ट सांगा. पडण्याची जखम वेगळी आणि विजेची वेगळी, डॉक्टर त्या वेगळ्या तपासतात. शॉकमुळे माणूस जखमी झाला तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकांना कळवावं लागतं. ते केलं नसेल तर उशिरा का होईना, करा. अशा गोष्टी शॉपच्या चार भिंतींत मिटवायच्या नसतात, त्या पोराच्या आईच्या दृष्टीनं तर मुळीच नाही.

दुसरं, ‘करू का?’ याचं उत्तर. नका करू. न्यूट्रल आणि अर्थ मशीनवर एक करायचं नाही. त्याचं कारण पुढे सांगते, पण तोवर त्या लेथचा सप्लाय बोर्डावरूनच काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत कोणी चालू करू नये अशी पाटी लावा. त्या लेथवरचं काम दुसऱ्या दोन लेथवर विभागा, चार दिवस उशीर झाला तर गिऱ्हाईकाला फोन करा.

आता तो स्टार्टर. तुमच्या लेथच्या डीओएल, म्हणजे मोटरला थेट लाइनवर जोडणाऱ्या, स्टार्टरचं झाकण काढलं की वरच्या बाजूला तीन स्क्रू दिसतात. मेनकडून आलेल्या तीन फेज तिथे येतात. मधे काँटॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकानं ओढला जाणारा स्विच, त्याखाली मोटरवर जादा भार आला की तोडणारा ओव्हरलोड रिले, आणि रिलेच्या खालून मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरी. स्टार्ट दाबलं की कॉइल ओढते आणि वरचे तीन खालच्या तिनाला जोडले जातात. स्टॉप दाबलं की कॉइल सोडते, खालचे तीन मोकळे होतात, मोटर थांबते. वरचे तीन मात्र होते तसेच राहतात. तोटी बंद केली तरी टाकीपासून तोटीपर्यंतचा पाइप भरलेलाच असतो, तसं. त्या स्क्रूंमध्ये एकमेकांत ४१५ व्होल्ट असतात, आणि त्यातल्या कोणत्याही एकापासून लेथच्या लोखंडापर्यंत २३० ते २४०.

बरं, धोका फक्त त्या तीन स्क्रूंपुरता असता तरी कोणी सांभाळून काम केलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्टार्टरची कॉइलही ४१५ व्होल्टचीच असते. एका फेजवरून बारीक वायर निघते, स्टॉपच्या बटणातून आणि मग स्टार्टच्या बटणातून कॉइलला येते. कॉइलचं दुसरं टोक ओव्हरलोडच्या काँटॅक्टमधून दुसऱ्या फेजला जातं. म्हणजे मशीन शांत उभं असताना स्टॉपच्या बटणात फेज आहे, ओव्हरलोडच्या छोट्या स्क्रूंवर फेज आहे आणि कॉइलच्या दोन्ही टोकांवरही फेज आहे, कारण एका टोकाची फेज कॉइलच्या गुंडाळीतूनच दुसऱ्या टोकाला पोचते. पोराचा पेचकस घसरून यातल्या कशालाही लागला असता तरी तेच झालं असतं. आणि लेथच्या हेडस्टॉकवर बसवलेल्या पुश बटणाच्या डबीत, जिथे ऑपरेटर दिवसभर तेलकट हात लावतो, तिथेही हीच वायर येते. ती डबी फुटकी असेल तर आजच बदला.

ओल्या हाताबद्दल तात्या अर्धं खरं सांगतात. ओल्या किंवा घामेजल्या कातडीतून वीज कितीतरी सहज जाते, त्यामुळे शॉकचा जोर वाढला असणार. पण हात कोरडा असता तर तिथे वीज नसती, असं काही नाही. माणसाच्या शरीरातून साधारण १० मिलीअँपिअर गेले की मूठ आवळली जाते आणि हातातली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर, आणि तेही सेकंदभर टिकलं, तर हृदयाची लय बिघडू शकते. बोर्डावरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलीअँपिअरचा. एमसीबी केबल जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवणं हे त्याचं कामच नाही. पोरगं मागे फेकलं गेलं म्हणून हात सुटला. चिकटलं असतं तर तुमचं पत्र वेगळं असतं.

जाता जाता, काँटॅक्टरची गुरगुर बहुतेक वेळा स्क्रू आवळून जात नाही. मॅग्नेटच्या तोंडावर गंज किंवा बुरा बसलेला असतो, नाहीतर तोंडावरची तांब्याची छोटी रिंग तुटलेली असते. मॅग्नेट उघडून बघावा लागतो, म्हणजे वीज पूर्ण काढल्याशिवाय ते काम होतच नाही.

पूर्ण काढणं म्हणजे काय, ते तुमच्याच शॉपच्या हिशेबानं सांगते. मशीन थांबवा. मग त्या मशीनचा सप्लाय बोर्डावर तोडा. जुना बोर्ड असेल आणि किटकॅट, म्हणजे हातानं ओढून काढायचे चिनी मातीचे फ्यूज, असतील तर तिन्ही फेजचे किटकॅट काढून खिशात घाला, एक काढून भागत नाही. एमसीबी किंवा फिरत्या दांडीचा आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडणारा स्विच, असेल तर त्याला कुलूप लावा. त्या दांडीला जे भोक असतं ते कुलपासाठीच असतं, आणि एमसीबीवर बसणारी कुलपाची क्लिप इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. किल्ली जो मशीनमध्ये हात घालणार त्याच्या खिशात, ऑफिसच्या खिळ्यावर नको. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं, दोघांच्या दोन किल्ल्या. ‘कोणी चालू करू नका रे’ असं ओरडून सांगणं म्हणजे कुलूप नव्हे. जेवायला गेलेला माणूस परत येतो, त्यानं ते ऐकलेलंच नसतं, आणि बंद पडलेला एमसीबी बघून तो चांगुलपणानं वर करतो. बहुतेक वेळा हे असंच घडतं, त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो.

कुलपानंतर मोजायचं. तात्यांच्या खिशाला नक्की पेनासारखा टेस्टर असेल. त्यावर भरवसा ठेवू नका असं मी आयटीआयच्या पोरांना कायम सांगत आले. त्यातला निऑन तुमच्या शरीरातून जमिनीत जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. जाड रबरी बूट घालून फळीवर उभे असाल तर तो फेज असूनही मिणमिणतो, आणि उन्हात मिणमिणलेलं दिसत नाही. उलट शेजारून दुसरी केबल जात असली की मेलेल्या वायरवरही तो पेटतो. ‘टेस्टर लागला नाही’ यावर कोणी जीव लावू नये. चांगल्या इन्सुलेशनच्या दोऱ्यांचा मल्टिमीटर घ्या, त्यावर कॅट थ्री ६०० व्होल्ट असं लिहिलेलं असावं. आधी चालू असलेल्या दुसऱ्या मशीनच्या सप्लायवर मीटर लावून तो खरंच दाखवतो का ते बघा. मग बंद केलेल्या मशीनवर तिन्ही फेज एकमेकांत, प्रत्येक फेज न्यूट्रलशी आणि प्रत्येक फेज अर्थशी मोजा. शेवटी पुन्हा चालू सप्लायवर लावून बघा. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात, पण मधल्या मोजणीत मीटरची बॅटरी बसली किंवा दोरी आतून तुटली तर मीटर शून्यच दाखवणार, आणि ते शून्य खोटं असणार. अजून एक, लाल दोरी अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना कोणी ४१५ वर मीटर लावला तर मीटरच शॉर्ट होतो आणि हातात फुटतो. दोरी कुठे आहे ते दर वेळी डोळ्यांनी बघायचं.

चालू सप्लायवर मोजताना हातातली अंगठी, चांदीचं कडं, घड्याळ काढून ठेवा. पायाखाली रबरी मॅट असू दे. आणि मेन कुठे आहे हे माहीत असलेलं दुसरं माणूस जवळ हवंच. शॉक बसला तर त्या दुसऱ्यानं हात धरून ओढायचं नाही, आधी मेन पाडायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं वायर दूर करायची. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं दाबत राहायचं आणि तिसऱ्या कोणाला १०८ लावायला सांगायचं. शॉपमधल्या प्रत्येकाला हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवायला हवं, कारण ऐन वेळी सुचत नाही.

आता तुमच्या शॉपमध्ये मेन पाडला तरी जिवंत राहणाऱ्या गोष्टी. जुन्या लेथवरचा दिवा बघा. पत्र्याच्या होल्डरमधला तो दिवा बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटवरून घेतलेला असतो. लेथचा मेन बंद, दिवा चालू, आणि मिस्त्री त्याच दिव्याच्या उजेडात काम करत असतात. मशीनवरचा दिवा २४ व्होल्टचा हवा, छोटा ट्रान्स्फॉर्मर लावून तो आजही करता येतो. कुलंट पंपाचा प्लगही वेगळा असू शकतो. जनरेटर किंवा इन्व्हर्टर असेल तर चेंजओव्हर, म्हणजे लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच, कुठे उभा आहे ते बघा. पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर लावले असतील तर ते सप्लाय काढल्यावरही भरलेले असतात. पाच मिनिटं थांबून मोजल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

जुन्या लेथवर रिव्हर्स-फॉरवर्डचा फिरता स्विच असेल तर त्याचीही चौकशी करा. पुश बटणाच्या स्टार्टरमध्ये वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज आली तरी मशीन आपोआप फिरत नाही. त्या फिरत्या स्विचला असं काही नसतं. वीज गेली, ऑपरेटर चकमधला जॉब काढायला वाकला, तेवढ्यात वीज आली, की चक फिरलाच. त्या स्विचच्या आधी काँटॅक्टर आणि पुश बटण बसवून घ्या.

सीएनसीबद्दल जास्त सांगायला हवं, कारण तात्यांचा सगळा अनुभव लेथवरचा. जपानी मशिनं साधारणपणे थ्री फेज २०० ते २२० व्होल्टवर चालतात, त्यामुळे तुमच्याकडे शेजारी ट्रान्स्फॉर्मर बसवलेला असणार. मशीनच्या दारावरचा मेन बंद केला तरी ट्रान्स्फॉर्मर चालूच असतो, आणि त्याच्या एका बाजूला ४१५ व्होल्ट असतात. मशीनचा सप्लाय ट्रान्स्फॉर्मरच्या आधी, भिंतीवर तुटला पाहिजे. पॅनेल उघडल्यावर आत नारिंगी वायरी दिसल्या तर थांबा. मशिनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात नारिंगी रंग मेन बंद करूनही चालू राहणाऱ्या सर्किटसाठी ठेवलेला आहे, पॅनेलमधला दिवा किंवा सॉकेट वगैरे. रंगांचा दुसरा सापळा याहून वाईट. आपल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा या फेज आणि काळा न्यूट्रल. युरोपियन पद्धतीच्या केबलमध्ये तपकिरी, काळा, करडा या फेज असतात आणि निळा न्यूट्रल. आपल्याकडचा वायरमन सवयीनं काळा न्यूट्रल समजून जोडतो आणि तिथे फेज असते. आयात केलेल्या मशीनमध्ये रंगावर जायचं नाही, मोजायचं.

ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या, आत मोठे कपॅसिटर असतात. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये त्यांवर ५८० च्या आसपास डीसी व्होल्ट उभे असतात, तुमच्या मशीनच्या ड्राइव्हमध्ये ३०० च्या जवळपास. सप्लाय काढल्यावर ते हळूहळू उतरतात. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या अंगावर छापलेलं असतं, तेवढं थांबा, चार्जचा छोटा दिवा विझू द्या, आणि मग डीसीवर ठेवलेल्या मीटरनं मोजा. दिवा स्वतःच जळालेला असू शकतो. एका कामाला मात्र अपवाद आहे. कंट्रोलची मेमरी सांभाळणारी बॅटरी बऱ्याच मशिनांत सप्लाय चालू ठेवूनच बदलायची असते, नाहीतर पॅरामीटर, म्हणजे मशीनची सगळी सेटिंग, उडतात. ते काम साफसफाईत घुसडू नका. मशीनची पुस्तिका वाचून, सीएनसीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावून वेगळ्या दिवशी करा.

झिणझिण्यांकडे येते. लेथच्या बॉडीला हात लावून झिणझिण्या येतात तेव्हा तिथे एकाच वेळी दोन बिघाड असतात. मोटरची गुंडाळी, केबल किंवा दिव्याची वायर कुठेतरी ओल धरून गळते आहे, आणि त्या गळतीला जमिनीत नेणारा अर्थ तुटलेला किंवा गंजलेला आहे. अर्थ धड असता तर तुमच्या हाताला काही कळलंही नसतं. वायरमननं न्यूट्रल जोडला की झिणझिण्या खरंच थांबतील, कारण तुटलेल्या अर्थच्या जागी त्यानं न्यूट्रलची वाट दिली. गळती तशीच राहील. आणि एखाद्या वादळी रात्री खांबावर न्यूट्रल तुटला की शॉपमधल्या दिव्या-पंख्यांचा करंट परतीची वाट शोधत त्याच जोडातून लेथच्या बॉडीवर येईल. तेव्हा झिणझिण्या नसतील, पूर्ण २३० व्होल्ट असू शकतील, तेही कुठलंच मशीन बिघडलेलं नसताना. तो वायरमन मनानं चांगला असेल, पण हे काम त्याला देऊ नका. परवानाधारक कंत्राटदाराला बोलवा.

त्याच्याकडून काय करून घ्यायचं? त्या लेथची मोटर आणि केबल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरनं, तपासायला सांगा. १ मेगाओहमच्या खाली आली तर मोटर उतरवून वाळवायची किंवा रिवाइंड करायची. सीएनसीवर मेगर लावताना ड्राइव्ह सोडवल्याशिवाय लावू देऊ नका, ड्राइव्ह जळेल. मग अर्थ. थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ हवेत, ही अट आपल्याकडे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आहे. लेथच्या मागे वाकून बघा, दोन पट्ट्या किंवा वायरी आहेत का, त्यांचे बोल्ट रंगाखाली किंवा गंजाखाली दबलेत का. रंग खरवडून लख्ख धातूवर लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं कडं, बसवायचा.

पण अर्थिंगचा खड्डा चांगला आहे म्हणजे सगळं झालं, असं समजू नका. एक साधा हिशेब करून बघा. तुमच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आणि ट्रान्स्फॉर्मरकडच्या अर्थचा, वाटेतलं सगळं धरून, अजून ५. फेज बॉडीला टेकली तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. लेथवर ३२ चा एमसीबी असेल तर त्याला ते चालू भारासारखंच वाटेल, तो पडणार नाही. आणि तोवर लेथच्या बॉडीवर ११५ व्होल्ट उभे राहतील. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून आणि पाणी ओतून हा हिशेब फारसा बदलत नाही. म्हणून आरसीसीबी हवा. फेजनं गेलेला करंट परत तेवढाच येतो का हे तो बघतो, आणि फरक पडला की तोडतो. दिवे, सॉकेट, हातात धरायची ग्राइंडर-ड्रिल यांच्यासाठी ३० मिलीअँपिअरचा. मोठ्या मशिनांना कितीचा, ते परवानाधारक माणूस गळती मोजून ठरवेल. आरसीसीबीचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघायचं. दोन फेज दोन हातांत आल्या तर मात्र आरसीसीबीला काही कळत नाही, त्यामुळे कुलूप आणि मोजणी यांना तो पर्याय होत नाही.

खंडेनवमीच्या दिवशी आपल्याकडे मशिनांना विश्रांती असते, तर ती विश्रांती खरोखर द्या. सकाळी पहिलं काम म्हणजे सगळे सप्लाय तोडून कुलपं, मग साफसफाई. शॉप थांबतं ही तात्यांची अडचण त्या दिवशी उरतच नाही. पॅनेलमध्ये काँप्रेसरची हवा मारू नका. लोखंडाचा बारीक बुरा त्या हवेनं काँटॅक्टच्या आत जाऊन बसतो. ब्रश आणि व्हॅक्युम वापरा. रॉकेल-डिझेलनं बेड धुतला तर वाफ पूर्ण जाईपर्यंत सप्लाय देऊ नका. नारळ पॅनेलच्या जाळीपासून लांब फोडा, पाणी आत जातं. हळदकुंकू बेडवर, चकवर वाहा, ड्राइव्हच्या पंख्यासमोर नको. आणि दिव्यांच्या माळा सॉकेटमध्ये उघड्या वायरी काड्यांनी दाबून लावायची जी सवय आहे ती यंदापासून बंद. प्लग लावा.

इतर दिवशी एका मशीनसाठी शॉप थांबू नये ही तात्यांची मागणी रास्त आहे, आणि तिचं उत्तर तुमच्याकडे आहे. प्रत्येक मशीनला, मशीनच्याच जवळ, हात पोचेल असा कुलूप लागणारा आयसोलेटर बसवा. तो नाही म्हणूनच ते मेन पाडायला तयार नसतात. हा खर्च तुमचा आहे, त्यांचा नाही, आणि तो खंडेनवमीच्या आधी करा.

तात्यांशी एकट्यात बोला, पोरांसमोर नको. त्यांची पहिली भीती ही असणार की त्या शॉकचा दोष आपल्यावर येतोय. दोष मालकाचा आहे हे तुम्ही आधी म्हणा, कारण खरंच तसं आहे. आयसोलेटर, मीटर, कुलूप देणं तुमचं काम होतं. मग स्टार्टर त्यांच्यासमोर, सप्लाय काढून उघडा आणि फेज कुठपर्यंत येते ते बोटानं दाखवा. इतकी वर्षं मशिनं हाताळलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत पटतं, त्याला भाषण लागत नाही. कॉइलच्या दोन्ही टोकांना फेज असते, हे कदाचित त्यांनाही नवं असेल. पहिलं कुलूप त्यांच्या नावाचं असू दे, नाव रंगानं लिहा. हेल्परला मीटर लावायला त्यांनाच शिकवू द्या. एक गोष्ट मात्र त्यांनी कितीही समजावलं तरी सोडू नका. स्टार्टर, पॅनेल, ड्राइव्ह उघडायचं काम यापुढे वायरमनचा परवाना असलेल्या माणसाचं. तात्या बेल्ट, गिअर, बेअरिंग बघतील, तेही कुलूप लावून. हेल्परच्या हातात विजेच्या कामासाठी पेचकस द्यायचा नाही. ते पोरगं शिकत असेल आणि त्याला यात गोडी असेल, तर त्याला आयटीआयच्या वायरमन ट्रेडला घालायचा विचार करा.

मेगरची रीडिंग, दोन्ही अर्थांचा मोजलेला रोध आणि सीएनसीच्या ड्राइव्हवरची पाटी, या तिन्हींचे फोटो मला पाठवा. थ्री फेज ड्राइव्हच्या मागे साधा एसी टाइपचा आरसीसीबी चालत नाही, कोणता घ्यायचा ते पाटी बघून सांगते. तोवर त्या लेथचे किटकॅट तुमच्या खिशात असू द्या.